थंडी लांबलेल्या वर्षाची रेड वाइन

जानेवारीत पारा खाली आला की आमच्या खान्देशात दोन पार्ट्या पडतात. रावेर-यावलकडचे केळीवाले टेन्शनमधे, कारण थंडीनं केळीवर चरका येतो आणि वाढ ठप्प होते, आणि गहू-हरभरा-दादरवाले (दादर म्हणजे रब्बीची ज्वारी) खुश, अजून पंधरा दिवस अशीच राहू दे म्हणणारे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातलं तापमान पेपरात आलं की टपरीवर दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू होतं. पण माझ्या मामाचं गाव सटाण्याकडे, तिकडे बागलाणात तर एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन मतं असतात. अलीकडे खायची द्राक्षं, त्यांना थंडी नको, मण्यांची फुगवण थांबते, पहाटे कडाका पडला की मणी तडकतात, मग रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसायचं. आणि पलीकडे माझा मामेभाऊ, त्याला आम्ही सगळे नाना म्हणतो, त्याची शिराज आणि कॅबरने सोव्हिन्यॉ ह्या रेड वाइनच्या द्राक्षजातींची बाग, वायनरीला द्यायची. तो म्हणतो थंडी फेब्रुवारी संपेपर्यंत टिकली पाहिजे.

हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. जास्त ऊन म्हणजे जास्त गोडी आणि जास्त गोडी म्हणजे चांगली वाइन, असं साधं गणित डोक्यात असतं. खायच्या द्राक्षाला ते बऱ्यापैकी लागू पडतं पण रेड वाइनला नाही, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की ज्या बाटल्या खरंच लक्षात राहतात त्यातल्या कितीतरी गार वर्षांच्या असतात.

का ते सांगतो. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडून लाल-जांभळा व्हायला लागला, की तिथून पुढे मण्यात दोन वेगळी कामं सुरू होतात. एक म्हणजे साखर भरणं. ते उष्णतेत फटाफट होतं, आणि फार तापलं तर मण्यातलं पाणी उडून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, अजून वर जातो. दुसरं काम सालीचं आणि बियांचं, रंग तयार होणं, तुरटपणा कच्च्याचा पिकलेला होणं, वास तयार होणं. हे काम उष्णता वाढवली म्हणून लवकर उरकत नाही, उलट दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं की सालीत रंग तयार होणं मंदावतं आणि असलेला रंगही कमी व्हायला लागतो. वेलीचं पानसुद्धा साधारण २५ ते ३० अंशांत सगळ्यात चांगलं काम करतं, त्याच्या बरंच वर गेलं की पानाची छिद्रं मिटतात आणि वेल नुसती जीव धरून उभी राहते.

म्हणजे गरम वर्षी काय होतं, साखर पुढे पळते आणि साल-बी मागे राहते. वाइन करणाऱ्यापुढे दोनच रस्ते उरतात, आत्ता तोडा तर बिया कच्च्या आणि तुरटपणा जिभेला ओरबाडणारा, थांबा तर साखर इतकी चढते की वाइनमधे १५ टक्के अल्कोहोल. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेचं एक टक्का अल्कोहोल होतं, त्यामुळे ब्रिक्सचे दोन-तीन आकडे वर गेले की वाइनचं रूपच बदलतं. गार वर्षी हीच दोन्ही कामं जवळजवळ सोबत संपतात. साखर हळूहळू चढत राहते, २३-२४ ब्रिक्सला येईपर्यंत सालीला आणि बीला पुरेसा वेळ मिळालेला असतो. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, बाकीचं ह्याच्याच आजूबाजूला.

गव्हाचं पाहा ना, आपल्याकडे कोणाही शेतकऱ्याला विचारा, दाणा भरताना थंडी राहिली तर दाणा टपोरा आणि वजनदार, आणि फेब्रुवारीतच ऊन तापलं तर पीक लवकर पिवळं पडून दाणा बारीक. २०२२ च्या मार्चमधल्या उष्णतेनं पंजाब-हरियाणाच्या गव्हाचं तेच केलं होतं. पिकायला दिवस कमी पडले की माल हलका, द्राक्षातही कारण तेच, फक्त इथे वजनाच्या जागी रंग आणि चव.

नानाच्या बागेत हे हाताने बघता येतं. तो रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं छोटं मशिन, खिशात ठेवतो पण आधी मणी तोंडात टाकतो. मणी दाबला की रस निघतो तो पांढराच, शिराज असो की कॅबरने, सगळा लाल रंग फक्त सालीत. मग ती साल दोन बोटांत चुरडायची. कच्च्या घडाची असेल तर बोटाला फिकट गुलाबी लागतं, आणि पिकलेली असेल तर जांभळा डाग पडतो जो सहज जात नाही. साल चावायची, घशाला धरते का बघायचं. आणि शेवटी बी. बी हिरवी असेल तर दाताखाली लवचिक लागते आणि कडू, जीभ आक्रसते. पिकलेली बी तपकिरी, कडक, दाताखाली कट्कन फुटते आणि चव भाजल्यासारखी येते. मी एकदा मशिनमधे २४ ब्रिक्स बघून म्हटलं नाना झालं की, तोडून टाका, तर म्हणे "भो, गोडीचं काय घेऊन बसलास, बी चावून पाह आधी." बी हिरवी होती.

आता आंबटपणा. द्राक्षात मुख्य दोन आम्लं असतात, एक टार्टारिक, जे चिंचेतही असतं, आणि दुसरं मॅलिक, सफरचंदातलं. टार्टारिक उन्हाला फारसं दाद देत नाही पण मॅलिक मात्र उष्णतेत मणी स्वतःच जाळून टाकतो, रात्र गरम असेल तर रात्रीसुद्धा. त्यामुळे गरम वर्षाचा रस गोड पण सपक, पीएच चढलेला (म्हणजे आंबटपणा उतरलेला), आणि पीएच चढला की रंग मळकट होतो, वाइन टिकवायला घातलेल्या सल्फरचा परिणाम कमी पडतो, जंतूंना रान मोकळं. युरोपात २००३ चा उन्हाळा इतका भयंकर होता की जिथे एरवी परवानगी नसते अशा भागांतही रसात आम्ल घालायला युरोपियन युनियनला खास सूट द्यावी लागली. गार रात्रींच्या वर्षी हे आम्ल मण्यातच शिल्लक राहतं. तेच वाइनला ताजेपणा देतं, आणि बाटली दहा-पंधरा वर्षं टिकण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

वासाची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. शिराजमधे कधीकधी चक्क काळ्या मिरीचा वास येतो, लोकांना वाटतं वर्णन करणारे काहीही फेकतात, पण ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २००८ मधे दाखवून दिलं की रोटंडोन नावाचं एक संयुग आहे, तेच काळ्या मिरीत असतं आणि तेच शिराजच्या सालीत. गार जागी आणि गार वर्षी ते जास्त तयार होतं, तापलेल्या घडात कमी. आणि साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, त्यामुळे एकाच टेबलावर एक जण मिरी मिरी करतो आणि दुसरा त्याच्याकडे बघत बसतो.

उदाहरणं द्यायची तर ऑस्ट्रेलियातलं बरोसा व्हॅली, एरवी तापलेल्या, जाड, जॅमसारख्या शिराजसाठी प्रसिद्ध. २००२ चा तिथला उन्हाळा त्यांच्या नोंदीतल्या सगळ्यात गार उन्हाळ्यांपैकी एक होता, फुलोऱ्यातच थंडी असल्यानं मणी कमी धरले, माल कमी निघाला, पण घड सावकाश पिकले आणि २००२ च्या बरोसा रेड्स आजही लोक शोधून विकत घेतात. फ्रान्समधल्या बर्गंडीचं २०१० तसंच, फुलोऱ्यात गारठा, बारीक बारीक मणी, उत्पन्न कमी, उन्हाळा थंडच, आणि तिथल्या पिनो न्वार ह्या द्राक्षाच्या त्या वर्षीच्या वाइनचं आजपर्यंत कौतुक चालू आहे. इटलीतल्या बरोलोचंही २०१० असंच लांबलेलं आणि असंच गाजलेलं.

ह्यात एक गोष्ट लक्षात घ्या, बारीक मणी आणि कमी माल. थंडीनं मण्याची फुगवण झाली नाही की खायच्या द्राक्षाचा शेतकरी रडतो, पण वाइनमधे रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीतून येतो, म्हणून मणी लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. त्यासाठीच वाइनच्या बागेत फुगवणीसाठी जीए (जिबरेलिक ॲसिड) मारत नाहीत. आणि वेलीवर लोड कमी असेल तरच गार हवेत ती सगळं पिकवू शकते, भरमसाठ घड ठेवले आणि वर थंडी पडली तर काहीच पिकत नाही.

पण गार म्हणजे ओलं नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. त्याच बरोसात २०११ पण गार होतं, पण पावसाचं, डावणी हा बुरशीचा रोग आला, घड सडले, तुरळक अपवाद सोडले तर रेड्सचं नुकसानच झालं. फ्रान्समधल्याच बोर्दोचं २०१३ तसंच, थंड ओला वसंत, फुलोरा बिघडलेला आणि शेवटी घडकूज. आणि नुसता गारठा, ऊनच नाही, असं झालं तर कॅबरनेतून हिरव्या ढोबळी मिरचीचा वास जात नाही, तो पायराझिन नावाच्या संयुगांचा असतो, पिकताना आणि ऊन लागल्यावर कमी होणारा. म्हणून नाना घडांच्या समोरची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढतो आणि दुपारच्या बाजूची ठेवतो. पारा १० अंशांच्या खाली गेला की वेल तशीही थांबते, तेव्हा कडाक्याची थंडी कोणालाच नको. पाहिजे ते कोरडं, उजेडाचं आणि सावकाश वर्ष.

आता आपल्याकडची गोष्ट, जी मला परदेशातल्या कुठल्याच माहितीत नीट सापडत नाही. बर्गंडीत द्राक्ष पिकतं तेव्हा हवा गरमाकडून गाराकडे जात असते, ऑगस्ट तापलेला आणि सप्टेंबर निवणारा, थोडं थांबलं तर गारव्यात थांबायचं असतं. (तिथेही आता बदलतंय, बोन गावच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून उपलब्ध आहेत आणि १९८८ नंतर तोडणी सरासरी १३ दिवसांनी अलीकडे आलीय.) आपलं बरोबर उलटं. एप्रिलला खरड छाटणी (नवीन काड्यांसाठीची), सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठीची), आणि फळ पिकतं ते जानेवारीच्या थंडीकडून मार्चच्या उन्हाकडे. म्हणजे आपल्याकडे बी पिकायची वाट बघत थांबणं म्हणजे रोज जास्त तापत्या उन्हात थांबणं, आणि शिवरात्र झाली की ऊन कसं चढतं ते आपल्याला सांगायला नको. म्हणून आपल्याकडे गार वर्षाची किंमत युरोपपेक्षा जास्त आहे असं मी म्हणतो. थंडी फेब्रुवारीभर टिकली, रात्री १०-१२ अंश आणि दिवसा २८ च्या आसपास राहिलं, तर रेडला तो एक महिना मिळतो जो एरवी मिळतच नाही.

उपाय म्हणून छाटणी लवकर घ्यायची, सप्टेंबरच्या सुरुवातीलाच, म्हणजे पिकायचा काळ जानेवारीत येतो. पण मग परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर येतो आणि डावणीच्या फवारण्या करता करता माणूस थकतो. नाना हल्ली बाग दोन टप्प्यात छाटतो, थोडी लवकर, थोडी उशिरा, आणि मला ते बरोबर वाटतं.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. शेतकऱ्याला पैसे मिळतात किलोवर, आणि अट असते ब्रिक्सची. गार वर्षी मणी बारीक, वजन कमी, ब्रिक्स उशिरा, म्हणजे ज्या वर्षी वाइन सगळ्यात चांगली होणार त्याच वर्षी शेतकऱ्याच्या हातात पैसे कमी. आणि वर लवकर तोडा म्हणून तगादा. जर वायनऱ्यांना खरंच चांगली रेड करायची असेल तर साल आणि बी बघून भाव द्या, कमी मालाची भरपाई भावात द्या, नाहीतर कोण कशाला थांबेल.

पिणाऱ्यांसाठी एवढंच की दुकानात बाटली उलटी करून अल्कोहोलचा आकडा वाचा. रेडवर १२.५ ते १३.५ असेल तर ती सावकाश पिकलेली असायची शक्यता जास्त, १५ असेल तर द्राक्ष बहुतेक उन्हात धावलेलं. हा काही पक्का नियम नाही पण हाताशी दुसरं काही नसताना बराच उपयोगी पडतो. आणि रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची हे आपल्या धुळे-जळगावला चालत नाही, एप्रिल-मेमधे घरातच ३८ अंश असतं आणि त्यात कितीही चांगली वाइन नुसती अल्कोहोलसारखी लागते. फ्रिजमधे ठेवा, १६-१८ अंशांवर येऊ द्या. काळ्या मसाल्याच्या मटणाच्या रश्श्यासोबत किंवा शेवभाजीसोबत प्यायची असेल तर कमी अल्कोहोलची, मिरीच्या वासाची शिराज घ्या, कारण अल्कोहोल जास्त असलं की तिखट अजून झोंबतं आणि मग ना रश्श्याची चव कळते ना वाइनची.