‘अजून ओलं आहे’ म्हणणारी माणसं

वीस-पंचवीस जणांची भांडी एकाच भट्टीत जायची असतील, तर ती कोणीतरी जाणत्याने भरावी लागते. सामायिक सिरॅमिक स्टुडिओत हे काम जुन्या कलाकारांकडे येतं, आणि मोबदला म्हणून बऱ्याचदा भट्टीतली थोडी जागाच मिळते. त्यांचं शिकवणं सगळ्यांना दिसतं. पण स्टुडिओ चालतो तो त्यांच्या नकारांवर.

पहिला नकार कच्च्या भांड्यांच्या फळीपाशी. भांडं उचलून बूड गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे, मग वरून कितीही पांढरं पडलेलं असो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जाड बूड वाळायला दोन आठवडेही लागतात. तसंच भट्टीत गेलं, तर शंभर अंशांना आतल्या पाण्याची वाफ होते, तिला सुमारे १७०० पट जागा लागते आणि भांडं फुटतं. शेजारच्या चारांना जखमी करून जातं ते वेगळंच. ‘मातीत हवेचा बुडबुडा राहिला होता,’ असं नवशिके सांगतात. हवा बिचारी निर्दोष असते. पूर्ण वाळलेलं भांडं बुडबुड्यासकट सुखरूप निघतं. शंका असेल तर भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर धरायची, झाकण बोटभर उघडं ठेवून. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्‌झ एकदम फुगतो, उतरताना तसाच आकसतो. पसरट ताटं बहुधा इथेच तडकतात. पहिली भाजणी साधारण १००० अंशांना संपवायची.

दुसरा नकार ग्लेझनंतर, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप दिल्यानंतर. बिस्कला, म्हणजे पहिल्या भाजणीला, भांडी एकमेकांत रचली तरी चालतात; ग्लेझच्या भाजणीत दोन भांड्यांमध्ये निदान अर्धा सेंटिमीटर हवा. बुडाखालचं ग्लेझ ओल्या स्पंजने साफ पुसायचं, बुडालगतच्या कडेलाही ३ मिलिमीटर कोरं सोडायचं. ओघळणारं ग्लेझ असेल तर एक सेंटिमीटर. नाहीतर भांडं शेल्फला चिकटतं, आणि शेल्फ भांड्यापेक्षा महाग असतं. शेल्फच्या वरच्या अंगाला अॅल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती समभाग पाण्यात कालवून लेप देतात. खालच्या अंगाला अजिबात नाही, कारण त्याची खपली खालच्या वाडग्यात पडते. शेल्फला तीनच आधार द्यायचे, प्रत्येक थरात एकावर एक येतील असे. चार दिले की एक हमखास डुगडुगतो.

तापमान दाखवणारा आकडा जुन्या थर्मोकपलवर भरवशाचा नसतो, म्हणून झरोक्यासमोर ५, ६ आणि ७ नंबरचे कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके, ओळीने उभे करायचे. पाच आडवा, सहा कमानीसारखा वाकलेला, सात उभा: भाजणी जमली.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र न सांगता आणलेली माती करते. कुंभारवाड्यातली लाल माती हजार अंशांना सुंदर भाजते; ग्लेझच्या भाजणीत १२२० ला तिचा चिखल होऊन शेल्फवर वितळतो. सुंदर गणपती डबक्यासारखा दिसतो तेव्हा कोणालाच हसू येत नाही. पिशवीवर नाव नसेल, तर वाटाण्याएवढा तुकडा जुन्या बिस्कच्या जाड वाटीत ठेवून पुढच्या भाजणीत घालायचा. वितळला तर वाटीतच राहतो.

उरलेली माती परत वापरतानाही एक उलटं गणित आहे. अर्धवट ओला गोळा बादलीत टाकला तर तो दिवसेंदिवस तसाच बसतो. आधी हाडासारखी कोरडी होऊ द्यायची, फोडायची, मग पाण्यात सोडायची. तासाभरात विरघळायला लागते. पुढे प्लास्टरच्या लादीवर पसरून घट्ट करायची, पण लादी खरवडायची नाही. प्लास्टरचा कण मातीत गेला तर भाजून त्याचा चुना होतो, हवेतला ओलावा पिऊन फुगतो, आणि विकलेल्या मगाचा टवका दोन आठवड्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी उडतो. जमिनीवर सांडलेली सुकी माती झाडूने कधीच नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची. त्या धुळीतला सिलिका फुप्फुसात जाऊन बसतो.

शेवटचा नकार झाकणापाशी. सगळ्यांना बघायचं असतं. दोनशे अंशांना झाकण उघडलं की गार हवेने ग्लेझ टिणटिण वाजायला लागतं, आणि त्या प्रत्येक टिणेला कुठेतरी एक बारीक रेघ पडत असते. ६०-७० च्या खाली आल्याशिवाय नाही.