मला कशाला विचारता

"मग, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं दुसऱ्या डॉक्टरांनी. सगळं बघून, बोलून झाल्यावर. मला इतका राग आला ना, म्हणजे तिथे नाही आला, तिथे मी आपली हसून "बघते, घरी बोलते" वगैरे म्हटलं, राग आला लिफ्टमध्ये. मला काय वाटतं ते सांगायला मी आले होते का? तुम्हाला काय वाटतं ते ऐकायला आले होते.

पहिल्या डॉक्टरांचं कसं सरळ होतं. अकूस्टिक न्यूरोमा नावाची गाठ, कॅन्सर नाही, डाव्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर आहे, 15 मिलिमीटर, काढून टाकू, तारीख घेऊन ठेवा. विषय संपला. तेव्हा वाटलेलं की अहो जरा समजावून तरी सांगा, म्हणून तर ताईच्या मागे लागून दुसरीकडे नंबर लावला. आता ह्यांनी एवढं बसून समजावलं तर तो पहिला माणूस बरा वाटायला लागलाय. माझं काही खरं नाही.

ह्यांना रिपोर्टमध्ये इंटरेस्टच नव्हता, सीडी मागितली. एमआरआय स्वतः स्क्रीनवर लावला, मोजला आणि म्हणाले, बाहेर आलेला भाग 6 मिलिमीटर. म्हटलं 15 आहे ना? तर 15 हे कानाच्या आतल्या हाडातल्या बोगद्यासकट, बोगद्यातून बाहेर मेंदूच्या बाजूला डोकावतोय तेवढा 6, ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, टेकलेला नाही, कूस ग्रेड दोन (गाठ कुठवर पोचलीय त्याची पायरी). गाठ तीच, सीडी तीच. पण 9 मिलिमीटर कमी झाल्याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू, आणि कमी काहीच झालं नव्हतं.

मग तीन रस्ते सांगितले. ऑपरेशन, रेडिएशन, नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं. ऑपरेशन केलं तर गाठ निघेल पण चेहऱ्याची नस तिला खेटूनच असते, ती दुखावली तर चेहरा एका बाजूने लुळा पडू शकतो, आणि आत्ता ऐकू येतंय तेवढं राहीलच असं नाही, एका पद्धतीत तर त्या कानाचं ऐकणं जाणारच, ते धरूनच चालायचं. रेडिएशन, म्हणजे गॅमा नाइफ वगैरे, त्यात गाठ जात नाही, बहुतेकांची वाढायची थांबते, आणि सुरुवातीला थोडी फुगूही शकते, त्यामुळे नंतरचा एमआरआय बघून घाबरायचं नाही (हे आत्तापासूनच सांगून ठेवलं). थांबायचं तर सहा महिन्यांनी परत एमआरआय, मग वर्षाला एक, कारण बऱ्याच जणांची वर्षानुवर्षं वाढतच नाही. म्हटलं मग हेच करू की. तर म्हणे गाठ नाही वाढली तरी ऐकणं हळूहळू कमी होऊ शकतं. म्हणजे काही केलं नाही तर त्याचेही साइड इफेक्ट आहेतच.

आणि एवढं सगळं माझ्या पुढ्यात मांडून वर, तुम्हाला काय वाटतं.

रात्री रडले. आईला अजून सांगितलेलं नाही, ते एक आहेच, आत्ता त्यावर नको. पण रडू गाठीचं नव्हतं, खरंच नव्हतं. कुणीतरी एकदा म्हणावं ना की हे करायचं, चल, आणि उद्या काही बिघडलं तर मला त्याच्या नावाने बोटं मोडता यावीत. तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही. नवऱ्याला विचारलं तर हा म्हणतो "तुझा कान आहे, तू ठरव, मी आहेच." मी आहेच! कुठे आहेस, विचारलं की सगळे एक पाऊल मागे.

झोप नव्हतीच म्हणून वाचत बसले. वर्षाला लाखात साधारण एकाला होतो म्हणे हा. लाखात एक व्हायचं होतं, ते असं झाले. मग वाचता वाचता हार्वी कुशिंग नावाच्या जुन्या अमेरिकन ब्रेन सर्जनपर्यंत पोचले, त्याने 1917 साली फक्त ह्या गाठींवर अख्खं पुस्तक लिहिलंय. तेव्हा कुठला एमआरआय, गाठ लक्षात यायची तोवर चांगली मोठी झालेली, कित्येकांची नजर जायला लागलेली असायची. कुशिंग गाठ आतून पोखरून काढायचा आणि वरचं कवच तसंच ठेवायचा, कारण पूर्ण काढायला गेलं की माणूसच हातचा जायचा. त्या लोकांना कोण विचारणार होतं तुम्हाला काय वाटतं. आणि माझी तक्रार काय, तर फोन डाव्या कानाला धरला की समोरचा नुसता पुटपुटल्यासारखा वाटतो, आणि रात्री शांत झालं की कानात ती शिट्टी. बास. म्हणजे मला विचारतायत कारण विचारायला वेळ आहे. आता ह्यावर चिडायचं कसं. चिडलेय तरी थोडी.

जाताना हे दुसरे डॉक्टर म्हणाले, रेडिएशनवाल्या डॉक्टरांनाही एकदा भेटून या, मी सर्जन आहे, माझं ऐकून ठरवू नका. हे मात्र आवडलं मला. पण तिसरेही शेवटी पेन खाली ठेवून तेच विचारणार, माहितीये मला, आता तेवढी तयारी करूनच जाईन.

मला काय वाटतं? थांबावंसं वाटतंय. सहा महिने तरी. हे लिहितानाच कळलं, कुणाला सांगितलेलं नाही अजून.

तोवर पहिल्या डॉक्टरांना कळवायचंय की ती तारीख आत्ता नको. कारण विचारलं तर काय सांगायचं म्हणून मी सकाळपासून वाक्यं जुळवतेय, तर ताई म्हणे सरळ सांग सेकंड ओपिनियन घेतलं म्हणून, त्यांना सवय असते, ते काय रागावून बसणारेत का. म्हटलं मग तूच कर फोन. आता तीही म्हणतेय बघते.