सात नंबरची फळी

सांगलीत मी दोन दिवस होते. विश्रामबागेत मावसभावाचं लग्न होतं, ते छान पार पडलं. ज्या लॉजवर आमची सोय केली होती तिथं मात्र रात्रीत दोनदा पाणी गेलं आणि सकाळी सत्तरीच्या मावशीला बादली घेऊन जिन्यात उभं राहावं लागलं. पाहुण्यांना असं ठेवू नये, एवढं म्हणते आणि तो विषय सोडते. लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळबद्दल. गणपतीचं दर्शन घेऊन मी एकटीच पेठांमधून फिरायला निघाले होते.

हरभट रोड, मारुती रोड, कापड पेठ. या भागात फिरताना मान वर करून चालावं लागतं, कारण खाली सगळीकडे काच आणि एसीपीचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे. जुनी इमारत सुरू होते ती पत्र्याच्या वर. एका मोबाईलच्या दुकानावर लाकडी सज्जा दिसला, त्याच्या कडेला कोरलेली वेल आणि मधोमध एसीचं यंत्र ठोकलेलं. मला राग आला. दुकान कुणी कसलंही थाटावं, पण दोनशे रुपयांच्या पट्ट्या ठोकायला त्या वेलीतूनच खिळे घालायची काय गरज होती?

जोत्यांचंही तेच. जुन्या घराचं जोतं पावसापाण्याच्या हिशोबानं उंच बांधलेलं असायचं, तीन-चार पायऱ्या चढून आत. मग दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर आला, आधीचा उखडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. आता कित्येक ठिकाणी एकच पायरी शिल्लक आहे. काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. घर होतं तिथंच आहे, गाव त्याच्याभोवती वर आलंय.

गणपती पेठेच्या बाजूला वळले आणि वळीव कोसळला. दिवे गेले. मी दिसेल त्या पडवीत शिरले.

"ताई, आत या की. भिजताय कशाला?"

दुकान पूजेच्या साहित्याचं होतं. कापूर, वाती, सुपाऱ्या, आणि या सगळ्याला पुरून उरणारा हळदीचा वास. काका सत्तरीच्या पुढचे. वाऱ्यानं त्यांच्या दुकानावरचा फ्लेक्स एका बाजूनं सुटून फडफडत होता आणि त्याच्यामागं लाकडाच्या पाटीवर सफेद्यानं लिहिलेली अक्षरं अर्धी दिसत होती: '...गूळ व हळद यांचे आडत दुकान'. मी विचारलं तर म्हणाले, "ते वडलांच्या वेळचं. मधी पंधरा वर्षं कापड होतं. मार्केट यार्डात गेली सगळी आडत, मग इथं काय राह्यलं?"

पाऊस थांबेना. त्यांनी दुकान बंद करायला घेतलं आणि मी ते बघत राहिले, कारण त्या दुकानाला शटर नव्हतं. फळ्या होत्या. अकरा. वरच्या तुळईला खोल खाच, खाली उंबऱ्याला उथळ. फळी उचलायची, वरच्या खाचेत सारायची, खालचं टोक उंबऱ्यात सोडायचं आणि कडेपर्यंत सरकवत न्यायची. मग दुसरी.  क्रम चुकून चालत नाही. प्रत्येक फळी तिच्या शेजारणीच्या मापानं तासलेली. शेवटच्या अकराव्या फळीला कडी, आणि सगळ्यांवरून आडवी लोखंडी पट्टी.

मी मदतीला गेले. एक फळी उचलताना खांद्यापर्यंत कळ आली. जुनं सागवान, हाताळून हाताळून कडा गुळगुळीत झालेल्या. डोक्याशी पटाशीनं आकडे कोरलेले, १, २, ३. सातवी मात्र हलकी आणि फिकट. तिच्यावर निळ्या ऑइलपेंटनं इंग्रजी सात काढलेला.

"ती पुरात गेली," काका म्हणाले. "हीच एक दुसऱ्या लाकडाची. आकडा नातीनं घातलाय."

२००५ च्या पुरात दुकानात कमरेएवढं पाणी होतं. त्यांनी भिंतीवर खूण करून ठेवली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागल्यावर त्या खुणेच्या वर हातभर अंतर सोडून सगळा माल लावला. सांगलीत किती जणांनी तेच केलं असेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. म्हणजे २००५ पेक्षाही साडेतीन-चार फूट जास्त. काकांनी मला दोन्ही खुणा दाखवल्या. पहिली त्यांच्या पट्ट्याजवळ, दुसरी माझ्या कपाळाच्या वर. पाण्यानं फळ्या तरंगल्या, वरच्या खोल खाचेत घुसल्या आणि खालची टोकं सुटली. पट्टीनं बाकीच्या अडवल्या. सातवी खाली झिजलेली होती, ती निसटली.

शेजारचा वाडा त्याच पुरात बसला. लाकडाचा सांगाडा उभा राहिला होता म्हणे, खांब, तुळया, सगळं जागच्या जागी. भिंती भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या. त्या आठवडाभर पाण्यात भिजल्या आणि विरघळल्या. मग भाऊबंदांचं एकमत होईपर्यंत दोन पावसाळे गेले आणि शेवटी सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं ट्रक भरून नेलं. आमच्या पुण्यात हॉटेलांच्या दारात अशा नक्षीच्या चौकटी मी कितीदा कौतुकानं बघितल्यात. यापुढे तसं बघवणार नाही.

दिवे आले तसे काका मला माळ्यावर घेऊन गेले. "पूर तर सगळ्यांना दाखवतो. हे बघा." बॅटरी वर धरली. एक तुळई अर्ध्यापर्यंत काळी होती, आणि पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा चौकोन-चौकोन तडकलेला. मी हात लावला. इतक्या वर्षांनी बोटाला काजळी लागली नाही, नुसता खरखरीतपणा.

"अठ्ठेचाळीसचं," ते म्हणाले.

मला पुढचं सांगावं लागलं नाही. गांधीजींच्या हत्येनंतर सांगलीत आणि आसपासच्या गावांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आमच्या घरात त्याला नुसतं 'जळीत' म्हणायचे. लहानपणी एखादी वस्तू सापडली नाही की आजी म्हणायची, "जळितात गेली असेल." वस्तू परवा आणलेली असली तरी. आम्ही नातवंडं हसायचो. ते हसू त्या माळ्यावर मला फार जड झालं.

वाडा काकांचा नव्हता. ज्यांचा होता ते कुटुंब जळितानंतर पुण्याला गेलं. काकांच्या आजोबांनी पुढचे दोन खण भाड्यानं घेतले आणि पुढं वाडाच विकत घेतला. दाराच्या चौकटीवर 'शके १८३४' आणि मूळ मालकांचं नाव कोरलेलं आहे. ते त्यांनी तासलं नाही. दसऱ्याला चौकटीला तोरण बांधतात, त्या नावाला हळदकुंकू लावतात. "ज्यानं बांधलं त्याचं नाव आम्ही कसं काढायचं, ताई?" मी काहीच बोलू शकले नाही. असं कोरलेलं नाव झाकायला एक पत्रा पुरतो, हे तासाभरापूर्वीच रस्त्यावर बघून आले होते.

खाली आलो. अकरावी फळी लावायची राहिली होती. ती मी धरली, त्यांनी सरकवली, कडी घातली. पट्टीला कुलूप लावता लावता त्यांनी विचारलं, "आजीचं गाव कुठलं म्हणालात?"

मी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

ते कुलूप हातात धरून जरा थांबले. "तिथला गूळ यायचा की आमच्याकडं," म्हणाले. "गाडीनं यायचा. थेट या दारात."