५ व्होल्टचं कार्ड तपासायला ५ केचा पॉट नको

एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटर आयसीचं जे सर्किट सगळीकडे दिसतं, त्यात २४० ओहमचा रेझिस्टर आणि ५ केचा (५००० ओहमचा) पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, असतो. त्यातून १.२५ पासून २७ व्होल्टपर्यंत काहीही मिळतं, आणि कार्ड, म्हणजे मशिनमधला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, टेस्ट करायला तीच अडचण आहे. पॉट साधारण २७० अंश फिरतो, म्हणजे एका अंशाला ०.१ व्होल्ट. बोट लागलं तरी ५ चे साडेपाच होतात. त्यातून पॉट झिजला आणि आतला सरकता संपर्क क्षणभर सुटला, की आउटपुट थेट इनपुटच्या जवळ जाऊन बसतं. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीकडच्या मशिनांची कार्डं तपासताना पॅनलमधला २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) हाताशी असतो, म्हणून तोच इनपुटला लागतो. मग ५ व्होल्टच्या आयसींवर २२ व्होल्ट जायला कितीसा वेळ लागणार?

त्यापेक्षा रेंजच बांधून टाका. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांच्या मध्ये १२० ओहम. अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडकडे ३३० ओहम, त्याच्या सीरिजला १०० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने अनेक फेऱ्यांत फिरणारा छोटा पॉट. दोन्ही रेझिस्टर १ टक्केवाले मेटल फिल्म घ्या. सूत्र १.२५ × (१ + खालचा ÷ वरचा); वरचा १२०, खालचा ३३० आणि प्रीसेट मिळून, म्हणून आउटपुट ४.७ ते ५.७५ च्या आसपासच फिरतं. प्रीसेटचा मधला पाय त्याच्याच एका टोकाला जोडा. संपर्क सुटला तरी पूर्ण १०० ओहम मध्ये राहतात आणि व्होल्टेज ५.७५ च्या वर जात नाही.

१२० च का? ३१७ मधून किमान करंट सतत वाहावा लागतो, काही आयसींना तो १० मिलिअँपिअरपर्यंत लागतो. १२० ओहमवर १०.४ मिळतो, २४० वर निम्माच. तेवढ्यावर लोड नसताना आउटपुट वर तरंगू शकतं, आणि कार्ड जोडलं की खाली येतं.

जोडणीत सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. १२० ओहम रेग्युलेटरच्या आउटपुट पायालाच सोल्डर करा, टर्मिनलपाशी नको. मधल्या वायरीचे ०.०५ ओहम ५ व्होल्टच्या सेटिंगला चौपट होतात. १ अँपिअरला ०.२ व्होल्ट गेले. खालच्या रेझिस्टरचं ग्राउंड मात्र लोडच्या ग्राउंडपाशी न्या. पाय समोरून डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट असे आहेत. ७८०५ च्या (ठरावीक ५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या) सवयीने लावू नका. पाठीचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकखाली अभ्रक हवाच.

इनपुटला २४ व्होल्ट आणि लोड अर्धा अँपिअर असेल, तर साडेनऊ वॅट नुसती उष्णता होते. त्याऐवजी ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि ४७०० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर घ्या. मेन्स १९० पर्यंत उतरलं, तर फिल्टरवर शिखर ९ व्होल्टच्या जरा वर येतं. २२०० वर अर्ध्या अँपिअरला रिपल (व्होल्टेजची चढउतार) सव्वादोन व्होल्टचा, तळ ७ च्या खाली, म्हणजे ३१७ ला हवा त्याहून कमी होतो आणि ५ व्होल्ट डळमळतात. ४७०० वर तळ ८ ला राहतो. इनपुट पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरड आणि आउटपुटला २५ मायक्रोफॅरड विसरू नका.

सेटिंग करताना कार्ड बाजूला ठेवा. आउटपुटला ४७ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर लावा, मीटर बघत ५.०० आणा, सप्लाय बंद करा, मग कार्ड जोडा. मोजायचं ते कार्डावरच्या आयसीच्या पायांवर, सप्लायच्या टर्मिनलवर नाही. नंतर ४.७५ आणि ५.२५ वरही चालवून बघा. ५ ला ठीक आणि ४.७५ ला अडखळणारं कार्ड पुन्हा येणार, हे नक्की.

३१७ ची आतली करंट मर्यादा दीड अँपिअरच्या वर आहे, शॉर्ट असलेल्या कार्डाला ती वाचवत नाही. संशयित कार्डासाठी पहिल्याच्या आधी, इनपुटच्या बाजूला, दुसरा ३१७ लावा: आउटपुट पायापासून ४.७ ओहम, १ वॅट, त्याच्या पलीकडच्या टोकाला अ‍ॅडजस्ट आणि तिथूनच पहिल्याचं इनपुट. करंट २६६ मिलिअँपिअरला अडतो. याला आणखी तीन-साडेतीन व्होल्ट लागतात, तेव्हा ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा घ्या.