जपानी कॅसेट, युरोपचं मशीन आणि दोन स्विच

आमच्या घरचं सेगा मेगा ड्राइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं गेम मशीन, मावशीच्या यजमानांनी इंग्लंडहून परतताना आणलं होतं. म्हणजे युरोपात विकायचं मॉडेल: पाल या टीव्ही पद्धतीचं, ५० हर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारं), ॲडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर सरळ चालणारा. नांदेडात तेव्हा बाकी पोरांकडे पिवळ्या कॅसेटचे टीव्ही गेम होते, त्यामुळे या काळ्या मशीनचं मला फार अप्रूप. पुढं चुलतभाऊ कंपनीतर्फे ट्रेनिंगला जपानला गेला आणि येताना टोकियोतल्या अकिहाबारा बाजारातून जुन्या कॅसेट घेऊन आला. त्यात ‘बेअर नकल ३’ निघाली. १९९४ची ही गेम जपानबाहेर ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ३’ म्हणून आली, पण पार बदलून. कथा बदलली, पात्रांच्या कपड्यांचे रंग बदलले, खेळ कितीतरी अवघड केला, आणि सोपी पातळी निवडली तर पाचव्या टप्प्यानंतर गेम संपवूनच टाकली. मला मूळ गेम खेळायची होती.

आडवं काय येतं, ते आधी समजून घेतलं. जपानी कॅसेट अंगानं रुंद आणि कडांना गोलसर असते, युरोपच्या मशीनची खाच अरुंद. आतला कनेक्टर मात्र तोच, ६४ पिनांचा. दुसरी गोष्ट, नंतरच्या काळातल्या कित्येक गेम चालू होतानाच मशीनला विचारतात की तू जपानी की परदेशी, ५० हर्ट्झचं की ६०चं. उत्तर जुळलं नाही की पडद्यावर सूचना दाखवून गेम तिथंच थांबते. हे उत्तर मशीन देतं कुठून? आतल्या सर्किट बोर्डवरच्या जंपरांवरून, म्हणजे जोडता-तोडता येणाऱ्या छोट्या जोडण्यांवरून. मॉडेल १मध्ये, म्हणजे मेगा ड्राइव्हच्या पहिल्या रूपात, जेपी१-जेपी२ ही जोडी भाषेची आणि जेपी३-जेपी४ फ्रिक्वेन्सीची. तिथली ओळ ५ व्होल्टला जोडली तर ‘इंग्रजी’ आणि ‘६० हर्ट्झ’, ग्राउंडला जोडली तर ‘जपानी’ आणि ‘५० हर्ट्झ’. कारखान्यात एक जोडणी करून देश ठरवलेला असतो. मशीनची कुवत सगळीकडे सारखीच असते, हे कळलं आणि मला राहवेना.

वजिराबादेत आमचे जुने टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत. त्यांच्याकडं मशीन घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडून बोर्ड बराच वेळ निरखला आणि म्हणाले, “घाई कामून करायलास लेकरा? आधी कापायचं, मग मोजायचं, अन् मगच जोडायचं.” हे वाक्य मी मनावर कोरून ठेवलं, कारण सगळा धोका तिथंच आहे. कारखान्यातली जोडणी तशीच ठेवून वरून स्विच लावला, तर एका बाजूला सरकवताच ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना भिडतात. म्हणून आधी जंपरमधली तांब्याची बारीक पट्टी धारदार ब्लेडनं कापली. मग मीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकं तपासली. आवाज नाही, म्हणजे ओळ सुटली. काकांनी मला दुसऱ्यांदा तपासायला लावलं आणि मग स्वतःही मीटर लावून पाहिलं. इतक्या जुन्या वस्तूला हात लावताना अशीच काळजी घ्यावी.

पुढचं काम सरळ होतं. तीन पायांचे दोन स्लाइड स्विच घेतले. मधल्या पायाला जंपरवरून सुटलेली ओळ, एका बाजूला ५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ग्राउंड. मॉडेल १मध्ये हीटसिंकला लावलेले दोन ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ५वर आणून ठेवणारे भाग) असतात. त्यांचा मधला पाय ग्राउंड आणि आउटपुटचा पाय ५ व्होल्ट. तिथूनच दोन्ही तारा घेतल्या. डाख काकांनी दिले, तारा मी कापून सोलून दिल्या. स्विच मागच्या बाजूला बसवले, म्हणजे समोरून मशीन होतं तसंच दिसतं.

खाचेचं काम मी घरी केलं. वरचं झाकण पूर्ण वेगळं करून, बोर्डपासून लांब, अंगणात बसून बारीक कानशीनं दोन्ही कडा घासल्या आणि शेवटी पॉलिश पेपर फिरवला. काही जण कॅसेटचं कवच काढून नुसता बोर्ड खाचेत घालतात. मला ते पटत नाही. मशीनच्या प्लास्टिकवर कानस चालवू, पण कॅसेटला धक्का नको.

चाचणीसाठी मुद्दाम माझी जुनी ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’चीच कॅसेट घातली आणि भाषेचा स्विच जपानीवर केला. पडद्यावर नाव आलं ‘बेअर नकल’! पहिल्या भागाच्या कॅसेटमध्ये दोन्ही नावं मुळातच आहेत, मशीन सांगेल ते ती दाखवते. लहानपणापासून घरात असलेल्या कॅसेटनं मला तिचं दुसरं नाव त्या दिवशी सांगितलं.

मग १९९१चा ‘सॉनिक’ लावला आणि दुसरा स्विच ६०वर सरकवला. युरोपच्या मशीनवर ही गेम सहाव्या हिश्श्यानं संथ चालते, संगीतही रेंगाळतं आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. माझ्या कानात इतकी वर्षं तीच संथ चाल बसलेली. आता चित्र पडदाभर झालं आणि गाणं कसं टणाटण उड्या मारत निघालं. मी आईला हाक मारून बोलावलं. तिलाही फरक लगेच कळला, कारण तिनं ते गाणं शेजारच्या खोलीतून वर्षानुवर्षं ऐकलंय.

‘बेअर नकल ३’ला दोन्ही स्विच जपानी आणि ६०वर ठेवूनच मशीन चालू करतो. युरोपच्या ज्या गेम तपासणी करतात, त्या इंग्रजी आणि ५०वर सुरू करायच्या आणि नाव आलं की ६०वर न्यायच्या, कारण तपासणी फक्त सुरुवातीला होते. टीव्ही मात्र ६० हर्ट्झ घेणारा हवा, नाहीतर चित्र वर-खाली फिरत राहतं. आमच्या जुन्या टीव्हीनं ते बिनतक्रार घेतलं.

कुणी जपानी मशीनच मागवणार असेल, तर त्यासोबत येणारा १०० व्होल्टचा ॲडॅप्टर आपल्या भिंतीवरच्या बोर्डात अजिबात लावू नका. मशीन मॉडेल १ असेल तर ९ व्होल्टचा, १.२ अँपिअरचा, पिनेच्या मधोमध निगेटिव्ह असलेला ॲडॅप्टर इथंच घ्या आणि लावण्याआधी मीटरनं टोकं तपासा. आमच्याकडं लाइट येते-जाते तेव्हा व्होल्टेज एकदम उसळतं, म्हणून मी मशीन स्टॅबिलायझरवर ठेवलंय आणि लाइट गेली की पिन काढूनच ठेवतो.