उरलेली दहा मिनिटं

१४ डिसेंबर, रविवार

मळ्यात भरीत पार्टी. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी टाकलेली, साल फुटून पाणी निखाऱ्यांवर चर्र करतंय, आणि पुतण्याच्या मोबाइलवर ‘कुंग फू फायटिंग’ लागलं. मी हातातली काठी घेऊन तसाच उभा.

हे गाणं मी कितीतरी वर्षं अर्धंच ऐकलं. कॉलेजात असताना अमळनेरला एका दुकानातून साठ मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. बी साइडला शेवटी थोडी टेप उरली म्हणून त्यानं माझ्या यादीत नसलेलं हे गाणं कोंबलं, आणि दुसऱ्या कडव्यात खट्! पैसे मात्र याही गाण्याचे लावले.

पुढे कळलं, गाण्याचा जन्मही असाच, उरल्यासुरल्यातला. १९७४, लंडन. निर्माता बिद्दू, आपल्या बंगळुरूचा. गायक कार्ल डग्लस, जमैकात जन्मलेला. स्टुडिओचा बहुतेक वेळ रेकॉर्डच्या ए साइडच्या, म्हणजे पुढच्या बाजूच्या मुख्य गाण्यानं खाल्ला. मागची बाजू रिकामी कशी सोडायची, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत, दोन टेकमध्ये हे उरकलं. बी साइड ऐकतंय कोण? मग ‘हूं’, ‘हा’ अशा आरोळ्याही बिनधास्त ठोकल्या. रेकॉर्ड कंपनीनं ऐकलं आणि हेच ए साइडला घेतलं. त्याच वर्षी इंग्लंड-अमेरिकेत पहिला नंबर. मूळ ए साइडचं गाणं आज कुणाच्या गावीही नाही.

घाईत केलं म्हणून सगळं माफ, असंही नाही. ती ‘चिनी’ सुरावट, चीन म्हटलं की कार्टूनमध्येसुद्धा वाजते तीच, आता कानाला खटकते. हाताला लागलं ते उचललं असणार. पण ठेका! ‘कुर्बानी’साठी (१९८०) याच बिद्दूनं शाळकरी नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतलं. आमच्या गावच्या वरातीत बँडवाल्यांना ते वाजवल्याशिवाय कुणी पुढे सरकू देत नसे.

तोवर वांगी सोलून झाली. भाजलेल्या मिरच्या, लसूण टाकून मामा ठेचायला बसले. वय ऐंशी, पण घाव पक्का, आणि दर घावाला तोंडून ‘हं!’ तिकडून मोबाइलचं ‘हूं!’ एकदा दोन्ही बरोबर एकावर एक पडले. मामा थबकले.

“हाई काय वाजी राह्यनं रे भो?”

सांगितलं. थोडं ऐकून म्हणाले, “हट्! हाई ते भरीत कांडानं गानं शे!”

पुतण्यानं पुन्हा लावलं. कांद्याची पात पडेपर्यंत तीनदा वाजलं, तिन्ही वेळा पूर्ण.