एका फिल्टरला दोन रिंगा

फोनवर बाई एवढंच म्हणाल्या, "तेलाचा लाल दिवा लागला, मी लगेच गाडी बंद केली. पुन्हा चालू करून बघू का?"

"ताई, किल्लीला हातही लावू नका. आलोच."

मी ब्रेकडाउन व्हॅनवर काम करतो. हे वाक्य मला नेहमीच बोलावं लागतं, पण बहुतेक वेळा समोरच्याने तोवर दोन-तीनदा स्टार्टर मारून झालेला असतो. या बाईंनी मात्र खरंच ऐकलं होतं.

पोचलो तेव्हा काय झालं असेल ते रस्त्यानेच सांगितलं. गाडीच्या मागे आधी तुरळक थेंब, मग सलग पट्टा आणि गाडीखाली तेलाचं थारोळं. पहिल्यांदा पट्ट्यावर वाळू टाकली, नाहीतर मागून येणारा दुचाकीवाला आडवा व्हायचा. मग गाडी ओढून बाजूच्या सपाट जागेवर घेतली. डिपस्टिक काढली तर टोकालाही तेल नाही.

गाडी त्याच सकाळी सर्व्हिसिंगहून सुटली होती. ताईंनी जॉब कार्ड पुढे केलं. तपासणीच्या यादीत सगळीकडे बरोबरच्या खुणा, वरपासून खालपर्यंत एका दमात ओढलेल्या. अशा कागदावर माझा काडीचा विश्वास नाही. खरोखर तपासणारा माणूस कुठेतरी थांबतो, एखाद्या रकान्यात काहीतरी खरडतो.

पण ताई स्वतः बेफिकीर नव्हत्या. गाडी ताब्यात घेताना त्यांनी बॉनेट उघडून तेलाची पातळी पाहिली होती. इंजिन चालू ठेवून खाली वाकून थेंब पडतोय का ते बघितलं होतं. ब्रेकचे पॅड बदलले होते म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल दाबून पाहिलं होतं. हे फार थोडे लोक करतात. नवे पॅड बसवताना पॅड दाबणारा कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन दाबांत पेडल थेट तळाला जाऊ शकतं, आणि हे गेटबाहेर पडल्यावर कळून उपयोग नसतो. तर एवढं सगळं पाहूनही तेल गेलंच कसं?

जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून आत शिरलो. ड्रेन बोल्ट कोरडा, वॉशर नवा. ओल होती ती तेलाच्या फिल्टरच्या भोवती. हाताने फिरवून पाहिला, घट्ट. तेवढ्यात ताईंनी वर्कशॉपच्या सुपरवायझरला फोन लावून स्पीकर चालू केला. ते ठामपणे म्हणाले, "खालून दगड लागला असणार." फिल्टरच्या पत्र्यावर ओरखडाही नव्हता.

इंजिन निवेपर्यंत थांबलो आणि फिल्टर उलगडला. खोबणीत नवी रबरी रिंग जागच्या जागी, तेलाचं बोट फिरवलेली. बसवणाऱ्याने आपलं काम नीट केलं होतं. मग टॉर्च वर, फिल्टर जिथे टेकतो त्या इंजिनाच्या तोंडाकडे मारला. तिथे आणखी एक रिंग चिकटलेली होती. चपटी, काळी, कडक झालेली, आणि एका बाजूने बाहेर लोंबणारी.

जुना फिल्टर निघाला, त्याची रिंग निघाली नाही. उष्णतेने रबर धातूला चिकटून बसतं. जुन्या फिल्टरची खोबण रिकामी आहे का हे बघायचं आणि इंजिनाचं तोंड चिंधीने पुसायचं, एवढ्याने ते कळतं. नाही बघितलं तर नवा फिल्टर जुन्या रिंगेवरच बसतो. घट्टही लागतो, उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना गळतही नाही. पण रस्त्यावर इंजिनाचे फेरे वाढले की तेलाचा दाब टायरमधल्या हवेपेक्षा जास्त चढतो. नवी रिंग फिल्टरच्या खोबणीत अडकलेली असते, वरच्या जुनीला कशाचाच आधार नसतो. ती सरकली की सगळं तेल काही मिनिटांत बाहेर. म्हणजे ताईंनी गेटवर कितीही वाकून बघितलं असतं तरी काही दिसलं नसतं. मलाही नसतं दिसलं.

मी आधी वर्कशॉपमध्येच होतो, म्हणून माझा अंदाज असा की फिल्टर काढणारा एक आणि बसवणारा दुसरा. मधे कुणीतरी हाक मारलेली असते. ज्याने उलगडलं त्यानेच बसवायचं, हा नियम आम्ही फार काटेकोर पाळायचो.

तोंड पुसून नवा फिल्टर लावला: रिंग टेकेपर्यंत हाताने, मग पाऊण फेरी. तेल भरलं. इंजिन सुरू होताच दिवा विझला. कान लावून बराच वेळ ऐकलं, ठकठक नव्हती. तरी बेअरिंगला काही झालं नाही असं नुसत्या कानाने छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून तसंच रिपोर्टात लिहिलं. सुपरवायझरना दोन्ही रिंगांचा फोटो पाठवला. दगडाचा विषय पुन्हा निघाला नाही.

एकदा रिंग चुकलेली पाहिल्यावर बाकीचंही बघितलं. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप उघडी होती. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना, लावल्यावर पुढच्या चाकाचा एक नट थोडा फिरला. ते फारसं वावगं नाही. चाक काढून बसवलं की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतातच. वर्कशॉपमध्ये हे गाडीवाल्याला सांगत का नाहीत, देव जाणे.

मग ताईंना व्हॅनच्या मागे थोडं अंतर चालवायला लावलं आणि थांबवलं. या वेळी टॉर्च त्यांनीच मागून घेतला. गरम इंजिनाखाली त्या माझ्यापेक्षा जास्त वेळ बघत होत्या. कोरडं होतं. काढलेला फिल्टर आणि दोन्ही रिंगा पिशवीत घालून मी त्यांच्या हवाली केल्या. तेल लवकर बदलून घ्या, तेव्हा मी बसवलेला फिल्टर समोर कापून घ्या आणि आत घासलेल्या धातूची चकाकी आहे का ते बघा, असंही सांगितलं.

नंतर त्यांचा फोन आला. फिल्टर कापला, कागदात चकाकी नव्हती, आणि इंजिनाची हमी वर्कशॉपने लेखी दिली होती. ती मिळेपर्यंत पिशवी त्यांनी हातची सोडली नव्हती.